रस्त्यावर साडेआठ फूट, मुक्कामी चौदा फूट!

अमेरिकेतल्या फिरत्या घरांची भिंत बटण दाबताच खोलीसकट बाहेर सरकते. ही करामत होते कशी, तिच्या मर्यादा कोणत्या आणि तिच्या फटीतून शिरणारे पाणी आरोग्याला कसे नडते, याचा हा वेध.

अमेरिकेतील एखाद्या राष्ट्रीय उद्यानाजवळचा तळ. संध्याकाळी बसएवढी मोठी गाडी येऊन झाडाखाली उभी राहते. चालक उतरून गाडीभोवती एक चक्कर मारतो, फांद्या आणि विजेच्या खांबाचे अंतर पाहतो, मग आत जाऊन एक बटण दाबून धरतो. मोटारीची घरघर सुरू होते आणि गाडीची अख्खी कूस हळूहळू बाहेर येऊ लागते. खिडकी, सोफा, जेवणाचे टेबल, वरची कपाटे असा सारा संसार जमिनीला न टेकता तीन फूट बाहेर येऊन थांबतो. मिनिटभरापूर्वी जिथे एकाला वाट देण्यासाठी दुसऱ्याला बसावे लागत होते, तिथे आता चौघांना ऐसपैस वावरता येते.

या गाड्यांना तिकडे ‘रिक्रिएशनल व्हेइकल’ किंवा थोडक्यात ‘आरव्ही’ म्हणतात आणि बाहेर येणाऱ्या भागाला ‘स्लाइड-आउट’. मराठीत सरळ ‘सरकती खोली’ म्हणता येईल. निवृत्तीनंतर घर विकून कायमचे आरव्हीत राहणारी जोडपी अमेरिकेत बरीच आहेत. उन्हाळ्यात मुलांकडे गेलेल्या मराठी आई-वडिलांनाही यलोस्टोन किंवा ग्रँड कॅन्यन दाखवायला भाड्याची आरव्ही घेतली जाते. त्यामुळे ही खोली चालते कशी, हे जाणून घेणे अगदीच परक्यासारखे नाही.

रुंदीचे गणित

सरकत्या खोलीचे मूळ रस्त्याच्या नियमात आहे. अमेरिकेत १९८२ च्या केंद्रीय कायद्याने प्रमुख महामार्गांवरील बस आणि ट्रकसाठी १०२ इंच, म्हणजे साडेआठ फूट रुंदीची मर्यादा ठरवली. फिरती घरेही साधारण याच चौकटीत बसवली जातात. काही ठिकाणच्या अरुंद रस्त्यांवर तर मर्यादा आठ फुटांचीच असते. लांबी वाढवता येते, पण गाडी वळवणे अवघड होते. रुंदी मात्र हलत नाही. दोन्ही बाजूंच्या भिंतींची जाडी, कपाटे आणि सोफा वजा केला की मध्ये उरते ती रेल्वेच्या डब्यातल्यासारखी चिंचोळी वाट.

यावर उपाय असा, की नियम चालत्या गाडीला लागू होतो, तर उभ्या गाडीने रुंद व्हावे! तीस फूट लांब गाडीचे क्षेत्रफळ बाहेरून मोजले तर २५५ चौरस फूट भरते. तिच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी बारा फूट लांबीची खोली तीन-तीन फूट बाहेर आली, तर ७२ चौरस फुटांची भर पडते. म्हणजे जागा सव्वापटीहून अधिक होते आणि खोल्या समोरासमोर असतील तिथे साडेआठ फुटांची गाडी साडेचौदा फूट रुंद होते.

आधुनिक आरव्हीत ही कल्पना रुजवण्याचे श्रेय साधारणपणे इंडियाना राज्यातील नॅपनी गावच्या ‘न्यूमार’ कंपनीला दिले जाते. वर्ष होते १९९०. शेजारचे एल्कहार्ट शहर ‘आरव्हींची राजधानी’ म्हणून ओळखले जाते. गंमत अशी की, या भागातील कारखान्यांत काम करणाऱ्यांत आमिश समाजाचे लोक मोठ्या संख्येने आहेत. स्वतः मोटारी न बाळगता घोडागाडीने फिरणाऱ्या या लोकांच्या हातून अमेरिकेतली सर्वांत आधुनिक फिरती घरे तयार होतात.

अधांतरी सज्जा

बाहेर आलेल्या खोलीखाली सहसा खांब नसतो. ती आपल्याकडच्या सज्ज्यासारखी अधांतरी असते. सज्जा पडत नाही, कारण त्याचे आतले टोक भिंतीत घट्ट रुतलेले असते आणि वरच्या बांधकामाचे वजन ते दाबून धरते. सरकत्या खोलीला रुतून बसण्याची सोय नाही. तिला सरकायचेही आहे आणि लटकायचेही आहे. ती बाहेर येऊ लागली की बाहेरची कड खाली झुकू पाहते आणि आतली कड वर उचलली जाऊ पाहते, अगदी सी-सॉच्या फळीसारखी. म्हणून खोलीखालून गाडीच्या सांगाड्यात शिरणारे पोलादी बाहू असतात. खोली पूर्ण बाहेर आली तरी या बाहूंचा बराचसा भाग सांगाड्यातच अडकून राहतो आणि तोच तिचा तोल सांभाळतो. बाहूंऐवजी भिंतीतल्या रुळांवर किंवा दोरांवर तोललेल्या खोल्याही असतात. सोफा, फ्रीज किंवा पलंग खोलीतच बसवलेला असेल, तर हे ओझे काही शे किलोंचे होते.

गाडी समतल उभी असेल, तर मोटारीला हे वजन उचलावे लागत नाही, फक्त घर्षणावर मात करून सरकवावे लागते. पण जमीन उताराची असेल तर चित्र बदलते. समजा खोलीचे वजन ३०० किलो आहे आणि गाडी त्या बाजूला ५ अंशांनी कललेली आहे. मग खोली आत घेताना घर्षणाखेरीज सुमारे २६ किलोंचा जादा भार चढावर ओढावा लागतो. गाडी पुढे-मागे कललेली असेल तर खोली एका कोपऱ्यावर रेलते आणि तिरकी सरकू लागते. म्हणूनच गाडी आधी समतल करा, असे बहुतेक माहितीपुस्तिका बजावतात. काही बनावटींमध्ये हा क्रम वेगळा असतो, त्यामुळे त्या त्या गाडीची पुस्तिका पाहणे आवश्यक ठरते.

खण अडकतो, तशी खोली

जुन्या लाकडी टेबलाचा खण एकाच बाजूने ओढला तर तो तिरका होतो आणि अडकून बसतो. बारा फूट लांबीची खोली हा असाच एक अजस्र खण आहे. तिची दोन्ही टोके एकाच वेगाने सरकली पाहिजेत. सरकत्या खोल्यांच्या साऱ्या यंत्रणा या एकाच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे आहेत.

पहिली पद्धत दातेरी पट्टी आणि दातेरी चाकाची. मोटारीच्या स्टिअरिंगमध्येही हीच जोडी असते. खोलीखालच्या प्रत्येक बाहूला दातेरी पट्टी असते आणि तिच्यात अडकलेले चाक फिरले की बाहू पुढे-मागे होतो. दोन्ही बाहूंची चाके एकाच लांब दांड्यावर बसवलेली असतात. दांडा एक, मोटार एक, त्यामुळे दोन्ही टोके आपोआप बरोबरीने चालतात. रचना दणकट, पण जड असते.

दुसरी पद्धत तेलाच्या दाबाची, म्हणजे जेसीबीच्या हातासारखी. पंप तेलावर दाब देतो आणि तेल दट्ट्याला ढकलते. दर चौरस सेंटिमीटरला १०० किलो दाब असेल आणि दट्ट्याचा व्यास ५ सेंटिमीटर असेल, तर सुमारे १,९५० किलोंचा रेटा मिळतो. मोठ्या, जड खोल्यांसाठी ही पद्धत सोयीची. तेलगळती हा तिचा कच्चा दुवा.

तिसऱ्या पद्धतीत दोन्ही टोकांना भिंतीच्या आतच एकेक छोटी मोटार असते. खोलीच्या बाजूंवर वर-खाली ॲल्युमिनियमच्या दातेरी पट्ट्या असतात. गाडीखाली जड बाहू नसल्याने वजन आणि जागा वाचते. पण दोन मोटारींना जोडणारा दांडाच नाही, मग त्या बरोबरीने चालणार कशा? इथे चुंबक कामी येतो. मोटार फिरताना तिच्यातील चुंबकीय संवेदक प्रत्येक फेरीला विजेचे ठरावीक ठोके देतो. नियंत्रक दोन्ही मोटारींचे ठोके मोजतो आणि पुढे गेलेल्या मोटारीला सबुरीने घ्यायला लावतो. बटण मध्येच अनेकदा सोडले, किंवा बॅटरी क्षीण असली, तर ही मोजणी चुकू शकते. मग खोली पूर्ण बाहेर आणि पूर्ण आत नेऊन दोन्ही मोटारींचा मेळ पुन्हा बसवावा लागतो.

चौथी पद्धत दोर आणि कप्प्यांची. पोलादी दोर खोलीच्या चारही कोपऱ्यांना जोडलेले असतात. मोटार एका दिशेने फिरली की दोरांचा एक संच खोलीला बाहेर ओढतो, उलट फिरली की दुसरा संच आत ओढतो. चारही दोरांचा ताण सारखा ठेवणे ही यातली खरी मेख. रहाटाच्या दोराप्रमाणे हा दोरही एकदम तुटत नाही, एकेक तार उसवत जाते. तीच वेळ लक्ष देण्याची असते.

या बहुतेक यंत्रणा १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. व्होल्ट कमी म्हणजे तेवढ्याच कामाला विजेचा प्रवाह जास्त. मोटार ३० अँपिअर प्रवाह घेत असेल तर शक्ती ३६० वॉट, म्हणजे अर्ध्या अश्वशक्तीच्या आसपास. एवढ्या प्रवाहात तारेचा गंजलेला सांधाही महागात पडतो. तिथे एक-दीड व्होल्ट गळाला की मोटार रडतखडत चालते. म्हणून खोली सरकवताना गाडीचे इंजिन सुरू ठेवायला किंवा तळावरची वीजजोडणी घ्यायला सांगितले जाते. मोटार बंदच पडली तर हातपान्याने खोली आत घेण्याची सोय दिलेली असते. ती कुठे आहे, हे निघण्यापूर्वीच पाहून ठेवणे शहाणपणाचे, कारण बाहेर अडकलेल्या खोलीसह गाडी रस्त्यावर नेता येत नाही.

पाण्याला वाट मिळते कुठून?

इथवरचा भाग यंत्रांचा झाला. अनुभवी आरव्हीधारक मात्र मोटारीपेक्षा पावसाला अधिक घाबरतात. घराची भिंत पाणी अडवते, कारण ती अखंड असते. आरव्हीच्या भिंतीला मात्र दहा-बारा फुटांचे भगदाड पाडलेले असते आणि त्यात एक खोका मागे-पुढे होत असतो. खोका आणि भगदाड यांच्यामध्ये चारही बाजूंनी फट ठेवावीच लागते, नाहीतर खोली हलणारच नाही. ही फट बुजवण्याचे काम रबरी पट्ट्यांवर सोपवलेले असते.

या पट्ट्या दोन प्रकारच्या. एक पोकळ फुगीर नळीसारखी. खोली पूर्ण आत किंवा पूर्ण बाहेर जाऊन टेकली की ती चेपते आणि फट बंद होते. दुसरी पातळ जिभेसारखी. मोटारीच्या काचेवरचे वायपर पाणी निपटतात, तशी ती सरकत्या खोलीच्या अंगावरचे पाणी आणि धूळ निपटत राहते. खोली आत असताना बाहेरच्या कडेची पट्टी काम करते आणि बाहेर असताना आतल्या कडेची. मध्येच कुठेतरी थांबवलेली खोली मात्र दोन्हींकडून उघडी राहते. म्हणून ‘थोडीशीच बाहेर’ काढून ठेवणे चुकीचे.

हे रबर बहुधा ‘ईपीडीएम’ प्रकारचे असते. ऊन, ओझोन आणि पाणी ते चांगले सोसते, पण खनिज तेलाशी त्याचे वैर आहे. पेट्रोलियमयुक्त ग्रीस किंवा वंगण लावले, तर ते रबरात शिरते, रबर फुगते आणि मऊ पडते. घरात हाताशी असलेले कुठलेही तेल चोपडण्याची सवय इथे नडते. त्यासाठी सिलिकॉनचे किंवा खास रबरासाठीचे वंगण वापरतात. दुसरा शत्रू म्हणजे वेळ. महिनोन्महिने दाबून राहिलेले रबर दाब गेला तरी मूळ आकारात परतत नाही. दिसायला पट्टी जागेवर असते, पण फट बुजत नाही.

खोलीचे छप्पर हा आणखी एक नाजूक भाग. बाहेर आलेल्या छपरावर पाणी साचते, झाडांची पाने आणि काड्या पडतात. ते तसेच ठेवून खोली आत घेतली तर सारा कचरा रबराखाली ओढला जातो आणि जिभेसारखी पट्टी फाटते. थंड प्रदेशात बर्फाचा थर हेच काम अधिक क्रूरपणे करतो. त्यासाठी छपरावर गुंडाळणारे कापड बसवतात. खोली बाहेर आली की ते उलगडते, आत गेली की स्प्रिंगच्या ताणाने गुंडाळले जाते. वादळी वाऱ्यात मात्र हेच कापड शिडासारखे फडफडते.

ओल, बुरशी आणि श्वास

आत शिरलेले पाणी सहसा लगेच दिसत नाही. ते खालच्या कोपऱ्यातून लाकडी तक्तपोशीच्या कडेत झिरपते. प्लायवूडची कड हे पाणी शोषते, थर सुटू लागतात, फरशी पायाखाली किंचित दबू लागते. वर मऊ गालिचा असेल तर हे कळायला अनेक महिने जातात. तोवर बुरशीने बस्तान बसवलेले असते. ओली झालेली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळवली नाही, तर बुरशी धरू शकते, असे अमेरिकेतील आरोग्य आणि पर्यावरण यंत्रणा सांगतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल आणि बुरशीविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. ओल असलेल्या घरांत राहणाऱ्यांमध्ये खोकला, घरघर, श्वसनमार्गाचे संसर्ग आणि दम्याचा त्रास वाढतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. चार खोल्यांच्या घरापेक्षा आरव्हीत हा प्रश्न तीव्र होतो, कारण हवेचे आकारमान थोडे असते. चार माणसांचा श्वास, अंघोळ आणि गॅसवर उकळणारा चहा एवढ्यानेही तिथली हवा दमट होते. त्यात सरकत्या खोलीच्या भिंती पातळ आणि तिच्या तळाखालून थंड हवा वाहते. मग पावसाचा थेंबही न पडता आतल्या थंड पृष्ठभागांवर दव धरते, विशेषतः पलंगाच्या गादीखाली. सकाळी ‘आरव्हीत झोपलो की नाक चोंदते’ अशी तक्रार असेल, तर गादी उचलून पाहणे हा पहिला उपाय. स्वयंपाक करताना पंखा लावणे, दोन समोरासमोरच्या खिडक्या किंचित उघड्या ठेवणे आणि आतली आर्द्रता ६० टक्क्यांखाली राखणे हे बाकीचे.

पाणी शिरते त्या फटीतून धूरही शिरू शकतो. अनेक आरव्हींमध्ये वीज निर्माण करणारे जनरेटर असते आणि त्याचा धूर गाडीखालून बाहेर सोडलेला असतो. खोली बाहेर आली की हा धूर तिच्या तळाखाली कोंडू शकतो. त्यातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. रक्तातील हिमोग्लोबिन या वायूला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरून ठेवते. त्यामुळे शरीर ऑक्सिजनविना राहते. डोकेदुखी, मळमळ, चक्कर ही सुरुवातीची लक्षणे प्रवासाचा शीण समजून सोडून दिली जातात. घरातल्या सगळ्यांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, तर ताबडतोब बाहेर मोकळ्या हवेत जावे. झोपताना जनरेटर बंद ठेवावे आणि कार्बन मोनॉक्साइडची घंटा चालू असल्याची दर मुक्कामी चाचणी घ्यावी.

बटणापूर्वीची नजर

लिफ्टचा दरवाजा मध्ये हात आला की मागे सरतो. सरकत्या खोलीकडून ही अपेक्षा ठेवू नये. खुर्चीचा पाय, कपाटाचे उघडे राहिलेले दार, कुत्र्याची शेपटी किंवा लहान मुलाची बोटे यांतला फरक तिला कळत नाही. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या खोलीचा रेटा किती असतो, ते वर आलेच आहे. म्हणून बहुतेक गाड्यांत बटण दाबून धरावे लागते, सोडले की खोली थांबते. हात बटणावर आणि नजर खोलीवर, हाच नियम. शक्य असेल तर दुसऱ्या कुणी बाहेर उभे राहावे. मुलांना त्या वेळी गाडीबाहेर, पण खोलीच्या वाटेपासून दूर, मोठ्या माणसाचा हात धरून उभे करावे.

आणखी एक मुद्दा वजनाचा. खोलीची यंत्रणा आणि तिचा सांगाडा गाडीत भरता येणाऱ्या सामानाच्या मर्यादेतूनच वजा होतो. खोल्या जास्त तर पाणी, कपडे, भांडी यांना मुभा कमी. ही मर्यादा ओलांडली तर टायर आणि ब्रेक यांच्यावर ताण येतो. भाड्याची गाडी घेताना किती खोल्या आहेत एवढेच न विचारता, किती वजन भरता येईल हेही विचारावे.

गाडी ताब्यात घेताना संबंधित माणूस सारे भराभर दाखवून मोकळा होतो. त्याला थांबवून प्रत्येक खोली स्वतः एकदा बाहेर काढावी आणि आत घ्यावी. दोन्ही टोके बरोबरीने सरकतात का, आवाज बदलतो का, हे ऐकावे. रबरी पट्टी कोपऱ्यांत फाटली आहे का, ते बोट फिरवून पाहावे. खालच्या कोपऱ्यांजवळ फरशीवर टाच दाबावी. ती दबत असेल किंवा कुबट वास येत असेल, तर दुसरी गाडी मागावी. हाताने खोली आत घेण्याचा पाना कुठे आहे आणि खोली आत असताना संकटकाळी बाहेर पडण्याची खिडकी उघडते का, हेही तेव्हाच विचारावे.

आपल्याकडे अशी फिरती घरे अजून विरळच आहेत. क्रिकेट सामन्यांच्या थेट प्रक्षेपणासाठी मैदानाबाहेर उभ्या राहणाऱ्या काही मोठ्या ओबी व्हॅनची कूस मात्र अशीच बाहेर सरकते आणि आत पडद्यांच्या भिंतीसमोर माणसांना बसायला जागा होते. उद्या कोकणातल्या पावसात किंवा सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर असे घर उभे राहिले, तर त्याची पहिली परीक्षा मोटारीची नसेल, त्या बोटभर रुंदीच्या रबरी पट्टीची असेल.